पलंगाला बांधलेलं कार्ड

एका दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर 'सेवेतलं समाधान' असा विषय दिला. मी म्हटलं, समाधानाचं दुसऱ्या कुणाला तरी सांगा. माझ्यापाशी जे आहे ते लिहून देते, आवडलं नाही तर कागद परत पाठवा. वस्तू परत मागायची मला सवय आहे. चोवीस वर्षं मी तोच उद्योग केला.

नारायण पेठेत एका इमारतीच्या तळमजल्यावर आमच्या संस्थेचं रुग्णसाहित्य केंद्र आहे. घरात कुणी अंथरुणाला खिळलं की वॉकर, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची, हवेची गादी, हँडल फिरवल्यावर डोक्याकडची बाजू वर येणारा लोखंडी पलंग, अशा वस्तू लागतात. त्या कायमच्या लागत नाहीत. विकत घेतल्या तर पुढे माळ्यावर जाऊन पडतात. म्हणून संस्था त्या फुकट वापरायला देते आणि काम झालं की परत घेते. बाहेरच्यांना वाटतं आमचं काम देण्याचं. रडवेला माणूस दारात उभा असताना वस्तू द्यायला अक्कल लागत नाही. खरं काम ती परत आणण्याचं. वॉकर तीन महिन्यांसाठी जातो आणि तिसऱ्या वर्षी त्याला शोधत फिरावं लागतं.

बिबवेवाडीतल्या एका गृहस्थांना मी एकदा फोन केला. त्यांचे वडील केव्हाच हिंडूफिरू लागले होते, वॉकर मात्र आला नव्हता. "वापरात आहे," ते म्हणाले. मी विचारलं, "कोण वापरतं?" तर म्हणे, "मग टॉवेल कुठे वाळत घालायचे आम्ही?" ते थट्टा करत नव्हते. आमच्याच पेठेतल्या एक आजी व्हीलचेअर मुदतीच्या आधी परत घेऊन आल्या, सोबत तिच्यातल्या अकरा दोषांची क्रमवार यादी, आणि खाली लिहिलेलं, 'दुरुस्ती झाल्यावर कळवावे, तपासायला येईन.' त्या खरोखर आल्या आणि दोन दोष तसेच राहिल्याचं सुनावून गेल्या. अशी माणसं मला आवडायची. त्यांच्याशी भांडता येतं.

ज्यांच्याशी भांडता येत नाही ते दाते. मोडकी कमोडची खुर्ची, एका चाकाची व्हीलचेअर, मध्ये खोलगट झालेली गादी घेऊन मोटारीतून येतात, आणि आपण म्हणावं की हे कुणाला देणार, तर म्हणतात, "गावाला चालेल." हे दोन शब्द मी आयुष्यात इतक्यांदा ऐकले की पुढे पुढे दात्याचा चेहरा बघून ते कधी येणार हे सांगता यायचं. सुरुवातीला राग यायचा. नंतर मीसुद्धा अशा वस्तू वेगळ्या कोपऱ्यात ठेवायला लागले. त्या कोपऱ्याला आमच्याकडे 'गावाचा कोपरा' म्हणत. हे लिहिताना लाज वाटते, पण म्हणत.

या केंद्रात येण्याआधी मी नऊ वर्षं एका इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात होते. कागद जागेवर असला की माणूस निम्मा बरा होतो, अशी माझी त्या वेळी समजूत होती. केंद्रातला सावळागोंधळ बघितला आणि पहिल्याच वर्षी मी कार्ड काढलं. प्रत्येक वस्तूला क्रमांक, आणि त्या क्रमांकाचं एक जाड कार्ड, प्लास्टिकच्या पाकिटात घालून दुहेरी नायलॉनच्या दोरीने वस्तूलाच बांधलेलं. त्यावर रकाने: रुग्णाचं नाव, राहण्याचं ठिकाण, नेल्याची तारीख, परतीची तारीख, शेरा. शेरा अर्थातच वस्तूचा. 'स्थिती चांगली', 'चाक बदलले', 'हँडल कडक'. नाव आधी लिहायचं, वस्तू नंतर हलवायची, हा नियम. कार्डाशिवाय वस्तू ना बाहेर जायची, ना परत घेतली जायची.

कार्डाने कमाल केली. वॉकर कुठून कुठे गेला, कुणी कुणाला परस्पर दिला, सगळं त्याच्या पायाशी लटकलेलं. वस्तू हरवणं जवळजवळ थांबलं. दुसऱ्या संस्थांची माणसं बघायला यायची. आमचे अध्यक्ष त्यांना माझ्या टेबलाशी आणून म्हणायचे, "ही यांची कल्पना." मी मान खाली घालून पेन शोधत असल्यासारखं करायची. मला फार बरं वाटायचं.

पुढे संस्थेने गावांतल्या लहान मंडळांना साहित्य द्यायचं ठरवलं. त्यातल्या एका गावाची ही हकिकत आहे. गावाचं नाव लिहीत नाही. धायरी मागे टाकून धरणाच्या कडेकडेने पुढे दीड तास गेलं की ते लागतं, एवढं पुरे. डोंगराच्या पोटाशी मूळ गाव आणि अंतराअंतरावर तीन वाड्या. तिथे कमळाबाई होत्या. अंगणवाडीत मदतनीस म्हणून जन्म काढलेल्या, ठेंगण्या, बोलायला कमी. नवऱ्याच्या शेवटच्या दुखण्यात आणलेला वॉकर आणि कमोडची खुर्ची त्यांनी तो गेल्यावर शेजारच्या म्हातारीला दिली, तिथून त्या वस्तू तिसऱ्या घरी गेल्या, आणि असं करता करता सात बायकांचं मंडळ उभं राहिलं. कार्यालय म्हणजे कमळाबाईंची पडवी. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पडवीत वस्तू मांडून ठेवल्या होत्या, धुतलेल्या, वाळवलेल्या. नोंद मात्र एका ओळीची नव्हती.

"कोणती वस्तू कुणाकडे आहे हे कळतं कसं तुम्हाला?" मी विचारलं.

कमळाबाईंनी कपाळाला बोट लावलं. "हितं हाय सगळं."

मी हसले. पुण्याचं माणूस गावात गेल्यावर जसं समजूतदारपणे हसतं तसं. त्यांना हवे होते पलंग. मी तीन द्यायचं कबूल केलं आणि पिशवीतून कार्डं काढून समजावून सांगितली. त्यांनी एक कार्ड हातात घेतलं, रकाने बघितले, परत ठेवलं.

"पलंग द्या ताई. कागुद नगं."

"अहो, नियम आहे. अवघड काही नाही, नाव आणि तारीख."

"तसं न्हाई. हितं लोकं वाचत्यात."

मी म्हटलं, "वाचतात हे चांगलंच की!" त्यांनी कार्डं गोळा करून घेतली. मला वाटलं, पटलं.

काही महिन्यांनी पाहणीला गेले तर तिन्ही पलंगांची कार्डं दिसेनात. शोधल्यावर सापडली: गादीखालच्या पत्र्याला, आतल्या बाजूने, वर गुंडाळून बांधलेली. मी चिडले. कार्ड दिसलं नाही तर त्याचा उपयोग काय? मी स्वतः खाली बसून तिन्ही कार्डं सोडवली आणि पायथ्याच्या पायाला, जमिनीपासून हातभर उंचीवर, समोरून दिसतील अशी बांधली. आणि कमळाबाईंना सांगितलं की पुन्हा असं झालं तर वस्तू परत न्याव्या लागतील. आवाज चढवला नाही. मी कधीच आवाज चढवत नसे. माझ्या सौम्यपणाचं केंद्रात कौतुक होतं.

"बरं," कमळाबाई म्हणाल्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. शहरात पलंग नेणाऱ्यांत ऑपरेशन झालेले, पाय मोडलेले असे बरेच असतात. गावात तसं नसतं. तिथला माणूस दुखणं अंगावर काढतो, काढता काढता पार टेकीला येतो, मग पुण्याच्या इस्पितळात जातो, आणि इस्पितळ सांगतं की आता घरी न्या. पलंग लागतो तो तेव्हा. त्यामुळे कार्डावर जी नावं चढत त्यांतली बहुतेक लवकरच जात. पाहणीत उतरवून आणलेले ते रकाने नारायण पेठेत बसून मी तपासायची तेव्हा मला तारखा दिसायच्या, शेरा दिसायचा. एक्केचाळीस क्रमांकाच्या पलंगावर दीड वर्षात चार नावं झाली होती आणि चौघांपुढेही 'परत मिळाला, स्थिती चांगली' असं होतं. मला ते चांगलं कार्ड वाटलं होतं.

दत्ता पिकअप गाडी चालवायचा. भाजी आणि दूध घेऊन रोज पुण्याला यायचा, तिशी नुकती ओलांडलेली. घराच्या पत्र्यावर चढून काहीतरी बांधत असताना घसरला आणि पाठीवर पडला. इस्पितळाने ऑपरेशन केलं, कमरेखाली हालचाल नव्हती, पण येईल अशी आशा डॉक्टरांनी दिली होती. घरी सोडताना बायकोला, रेखाला, बजावून सांगितलं: उचलून बसवता येईल असा पलंग आणि हवेची गादी हवी, दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, पाठ कोरडी ठेवायची, एवढं जमलं तर बाकीचं आपण बघू. भरल्या अंगाचा माणूस जमिनीवर पडलेला असेल तर एकट्या बाईला त्याला वळवता येत नाही. हे ज्याने कधी केलंय त्यालाच कळेल. कंबरेच्या उंचीला असला तर जमतं.

त्या दिवशी सकाळी कमळाबाईंचा केंद्रात फोन आला.

"ताई, येकेचाळीस नंबरचा पलंग हाय माझ्याकडं. दत्ताच्या घरी पोचवायचाय. त्याचं कार्ड काढू का?"

"का? फाटलंय का?"

"फाटलं न्हाई. चार नावं हायती त्याच्यावर, चौघंबी गेली. त्यातला येक त्याचा सख्खा चुलता हाय."

"दुसरा पलंग नाही का?"

"बाकीचं दोन्ही लोकांच्या घरात हायती."

"कमळाबाई, ती माणसं पलंगामुळे गेली का?"

"न्हाई वो. पन आजारी मानसाला..."

"मग झालं तर. आपण मंडळ चालवतो, आपणच असल्या कल्पनांना खतपाणी घालायचं का? तुम्ही समजावून सांगा त्यांना. लोक तुमचं ऐकतात. आणि कार्डाशिवाय वस्तू हलवता येत नाही, नियम आहे. मी तरी काय करणार?"

त्या म्हणाल्या, "दोरी कापायची तेवडी. तुमी हां म्हना."

मी म्हटलं, "कमिटीपुढे विषय ठेवते."

कमिटीपुढे! दोरी माझी, कार्ड माझं, नियम माझा. कमिटीतल्या एकालाही कार्डावर किती रकाने आहेत हे सांगता आलं नसतं. पण नाही म्हणायचा कंटाळा आला की आमच्याकडे कमिटीचं नाव घेतात. फोन ठेवण्यापूर्वी मी आठवण केली, नाव आधी लिहा.

त्यांनी लिहिलं. पाचव्या ओळीत दत्ताचं नाव आणि तारीख. पलंग त्याच्या घरी गेला. दत्ता तेव्हा जमिनीवर वाकळेवर पडलेला होता. चौघांनी पलंग आत आणून त्याच्याशेजारी टेकवला, आणि पायथ्याला, जमिनीपासून हातभर उंचीवर, अगदी त्याच्या डोळ्यांसमोर, मी बांधलेलं कार्ड लटकत राहिलं. त्याने ते वाचलं. पाचही ओळी वाचल्या. दोघांच्या मातीला तो स्वतः गेला होता आणि चुलत्याला तर त्याने खांदा दिला होता. रेखाने मला नंतर सांगितलं, ते ओरडले नाहीत, रडले नाहीत, भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणाले, ह्याला बाहेर काढा. कमळाबाईंनी तासभर समजावलं. पलंग त्याच दिवशी पडवीत परत आला. हवेच्या गादीवरही एक्केचाळीसच आकडा होता, तीही आली.

संध्याकाळी पुन्हा फोन आला. या वेळी कमळाबाईंनी कार्डाचं नाव काढलं नाही. "कोरा पलंग आसंल तर धाडा ताई. लगेच धाडा."

कोरा पलंग होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. हिंजवडीच्या एका कंपनीने दिलेला नवाकोरा पलंग केंद्रात चार दिवसांपूर्वीच येऊन पडला होता. पण कंपनीला वर्षातून एक सेवादिवस करायचा असतो, आणि पलंग आपल्या हाताने गावात नेऊन द्यायचा हा त्यांचा आग्रह होता. त्यांचा शनिवार ठरला होता पुढच्या आठवड्यातला. अध्यक्षांनी बजावलं होतं, तोवर तो हलवू नका, दाते दुखावतील. टेम्पो पेठेच्या कोपऱ्यावर उभे असतात. मी एकाला हात केला असता तर दुसऱ्या दिवशी दुपारी पलंग दत्ताच्या घरात असता. मी कमळाबाईंना म्हटलं, "थोडे दिवस कळ काढा, अगदी नवा येतोय."

थोडे दिवस म्हणजे अकरा.

अकराव्या दिवशी आम्ही गेलो. बस, सारख्या टी-शर्टातली तीस मुलंमुली, खाऊचे खोके, बॅनर. मुलं वाईट नव्हती. बसमध्ये त्यांनी मला खिडकीची जागा दिली, पाणी दिलं, "मॅम, तुम्ही किती इन्स्पायरिंग आहात" असंही एक मुलगी म्हणाली. मी नको नको म्हणत ऐकून घेतलं. दत्ताच्या अंगणात उतरल्यावर एकाने विचारलं, "मॅम, बॅनर आत लावायचा की बाहेर? आत लाइट कमी आहे."

रेखा दारात उभी होती. तिने बॅनरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आता आनला व्हय पलंग?"

आत वास होता. दोन मुलं उंबऱ्यातूनच मागे फिरली, त्यांना मी दोष देत नाही. दत्ताला उचलताना त्याची पाठ मला दिसली. माकडहाडापाशी माझी मूठ मावेल एवढी जखम होती. रेखाने जमेल तसं सगळं केलं होतं, वाकळा दुमडून घातल्या होत्या, हळद भरली होती. जमिनीवरून वळवायला तिला दर वेळी कुणाला तरी बोलवावं लागत होतं, आणि दर दोन तासांनी कोण येणार?

दत्ताला नव्या पलंगावर घेतलं. तो तापाने फणफणला होता, तरी त्याने पायथ्याकडे बघितलं.

"म्याडम, ह्याच्यावर कुनाचं नाव हाय का?"

"नाही. कोरा आहे."

"मग चालंल," तो म्हणाला.

त्याला चालणार होतं! त्याला पलंग नको नव्हताच. त्याला फक्त मेलेल्यांच्या यादीखाली झोपायचं नव्हतं. आणि मी काय केलं? पर्समधून नवं कार्ड काढलं, पेन काढलं, कारण नाव आधी लिहायचं असतं आणि त्या गडबडीत ते राहून गेलं होतं. पहिल्या ओळीत त्याचं नाव लिहिलं. तो बघत होता.

"मंजे पैलं माजंच," तो म्हणाला आणि थोडा हसला. पुढचा माणूस हे नाव वाचणार, हे त्याला कळलं होतं. मला तेव्हाही कळलं नव्हतं. मी कार्ड पायथ्याला बांधलं. मुलांनी फोटो काढले.

जखम पार हाडापर्यंत गेली होती. विष अंगात भिनलं, पुन्हा इस्पितळ झालं, महिन्याभराने दत्ता गेला. मी तिथल्या डॉक्टरांना भेटून विचारलं, पलंग वेळेवर मिळाला असता तर? ते म्हणाले, असं ठामपणे काही सांगता येत नाही. हे वाक्य मी बरीच वर्षं जपून ठेवलं. अडचणीच्या वेळी काढून बघायची. आता ते मला पुरत नाही.

तेरावा झाल्यावर कमळाबाई स्वतः टेम्पोतून नारायण पेठेत आल्या. चारही पलंग घेऊन, स्वच्छ धुतलेले, कार्डांसकट. मी चहा मागवला. त्यांनी घेतला नाही.

"हे घ्या तुमचं. आमाला नगं आता. लोकं माझ्या दारातनं कायबी नेत न्हाईत."

मी म्हटलं, "कमळाबाई, मला आधी नीट सांगायचं होतंत."

"सांगितलं की. वाचत्यात म्हनलं." मग बहुधा माझी दया येऊन त्या स्टुलावर टेकल्या आणि पहिल्यांदाच एवढं बोलल्या. "तुमच्याकडं नाव वाचलं तर ते कोन, कुटलं, कुनाला ठावं नसतं. आमच्याकडं परत्येक नाव जेवायला येऊन गेलेलं असतं. म्हून मी काय करायची, ह्या वाडीत मानूस गेलं की पलंग धुवायचा, चार दिस उनात टाकायचा, आनि दुसऱ्या वाडीला धाडायचा. पलंग समदे सारकेच. कुनी इचारलं कुटनं आला, तर म्हनायचं पुन्यासनं आला. कुनाच्या घरनं आला ते मला येकटीला ठावं. तेवडंच माझं काम व्हतं ताई. बाकी काय, उचलायला कुनीबी येतंय."

मी या बाईला नोंद ठेवायला शिकवायला गेले होते. सगळ्या गावाची नोंद तिने डोक्यात ठेवली होती ती दुसऱ्या कुणाच्या डोक्यात जाऊ नये म्हणून. माझ्या साऱ्या नोकरीत इतकी पक्की पद्धत मी बघितलेली नाही, आणि मी ती दोन हात नायलॉनच्या दोरीने मोडली.

त्या वर्षीच्या कमिटीच्या बैठकीत नेहमीप्रमाणे परत आलेल्या वस्तूंची कार्डं टेबलावर मांडली होती. अध्यक्ष चाळत होते. एक्केचाळीस क्रमांकाचं कार्ड त्यांनी उचललं. पाचवी ओळ: दत्ताचं नाव, नेल्याची तारीख, परतीची तारीख तीच, शेरा 'स्थिती चांगली'.

"अरे वा," ते म्हणाले, "एका दिवसात परत? हा लवकर बरा झाला वाटतं."

सगळे हसले. त्या वेळी मला बोलता आलं असतं. नवा पलंग का थांबवला होता, कुणी थांबवायला सांगितला, कुणी ऐकलं, सगळं तिथल्या तिथे. मी म्हटलं, "हो, परत आला." नुसतं खोटं बोलले असते तरी परवडलं असतं.

कमळाबाईंचं मंडळ दोनेक वर्षं बंद राहिलं. पुढे त्यांनी कुठूनतरी दोन जुने पलंग मिळवले आणि पुन्हा सुरू केलं, असं कानावर आलं. मी फोन केला, काही हवंय का विचारायला. "नगं ताई. हाय समदं," म्हणाल्या आणि माझ्या तब्येतीची चौकशी केली. त्या माझ्याशी कधी वाईट बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. रेखाला भेटायला जायचं मी निवृत्त होईपर्यंत ठरवत राहिले आणि निवृत्तीनंतर ठरवणंही सोडलं.

गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. भाचीने परस्पर केंद्रातून वॉकर आणून ठेवला. घरी आले तर तो माझ्या कॉटशेजारी उभा, आणि त्याच्या पुढच्या पायाला कार्ड. सहा नावं. मी वाचायचं नाही ठरवलं आणि वाचलं. तिसरं नाव व्हीलचेअरचे अकरा दोष काढणाऱ्या त्या आजींचं होतं. त्या गेल्याचं कळलं होतं, पण त्यांनी वॉकर नेलेला मला माहीत नव्हता. परतीची तारीख नेल्यानंतर आठ दिवसांची. शेरा, स्थिती चांगली. वॉकरची.

दोन दिवस मी त्या वॉकरला हात लावला नाही. भाची ओरडली, व्यायाम करायचाय, हे काय चाललंय? मी अंधश्रद्धाळू नाही. आयुष्यभर लोकांना तेच सांगत आले. तरी पाऊल पुढे टाकायचं म्हटलं की ते कार्ड आधी पुढे जायचं. तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरातली कात्री मागवली आणि दोरी कापली. शिंकायला जेवढा वेळ लागतो तेवढाही लागला नाही. मग कात्री हातात धरून बराच वेळ बसून होते. भाचीला वाटलं गुडघा दुखतोय.

चालायला लागल्यावर वॉकर परत करायला मीच रिक्षाने नारायण पेठेत गेले. माझ्या खुर्चीवर आता दुसरी बाई आहे, चुणचुणीत, टापटिपीची, मीच निवडलेली. तिने उठून खुर्ची दिली, विचारपूस केली, मग वॉकरच्या पायाकडे बघितलं.

"मॅडम, कार्ड?"

"कापून टाकलं."

"अहो, पण मग जमा कसा करून घेऊ? कार्डाशिवाय घेता येत नाही. नियम तर तुमचाच आहे."

"नियम माझा आहे ना? मग मी सांगते, घे."

ती गोड हसली. "मॅडम, मी तरी काय करणार? कमिटीपुढे विषय ठेवते."

आवाज जराही चढला नव्हता. सौम्य, समजूतदार, ठाम. कमळाबाईंना फोनवर ऐकू गेला तो आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.